रसिक, सर्जक आणि ओरिशा : आफ्रो-ब्राझिलियन दैवतकथांच्या नवनिर्मितीतील मैत्र

१

राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात प्रतिभेचे कारयित्री आणि भावयित्री असे दोन प्रकार मानले आहेत. पहिली कवीला उपकारक ठरते, दुसरी भावकाला. कवीच्या श्रमाला आणि अभिप्रायाला फळ येते ते भावकामुळे, अशी त्याची भूमिका आहे. भावक हा कवीचा स्वामी, मित्र, मंत्री, शिष्य आणि आचार्य असे सर्व काही असतो, असेही तो सांगतो. आधुनिक समीक्षेने या पाचांपैकी आचार्याची भूमिका आवर्जून स्वीकारली. मित्राची भूमिका मात्र तिने समीक्षेच्या कक्षेबाहेर, सौजन्याच्या आणि भिडेच्या प्रांतात ढकलली. मित्राने दिलेले उत्तेजन लेखकाच्या चरित्रात नोंदवण्याजोगे असते, त्याच्या कृतीच्या मूल्यमापनात त्याला स्थान नसते, असा समज त्यातून रूढ झाला.

हा समज तपासून पाहावा असे एक साहित्यक्षेत्र २०१५ नंतरच्या काळात ब्राझीलमध्ये ठळकपणे आकाराला आले आहे. विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि चित्रकथा यांच्या आवडीतून लिहू-रेखाटू लागलेल्या कृष्णवर्णीय आणि अन्य तरुणांनी आपल्या निर्मितीचे द्रव्य म्हणून ओरिशा निवडले. पश्चिम आफ्रिकेतून गुलामांच्या जहाजांबरोबर आलेली आणि आजही ब्राझीलमध्ये पूजिली जाणारी ही दैवते होत. यंत्रमानव, अंतराळ आणि महानगर यांच्या शेजारी शांगो, ओशुम, ओगुम आणि एशू आले. हे लेखक आधी वाचक होते. एकमेकांचे पहिले वाचक, पहिले टीकाकार आणि पुष्कळदा पहिले आश्रयदातेही तेच झाले. कारयित्री आणि भावयित्री प्रतिभा एकाच व्यक्तीत आणि एकाच मंडळात वसतात, तेव्हा त्या मंडळातील मैत्रीच्या उत्तेजनाला वाङ्मयीन अर्थ प्राप्त होतो काय, आणि झाल्यास त्या उत्तेजनावर कोणती जबाबदारी येते, हा येथील विवेचनाचा विषय आहे. अशा निर्मात्यांसाठी ‘रसिक-सर्जक’ ही संज्ञा येथे वापरली आहे.

२

या निर्मितीतील ‘जादू’ या घटकाचा विचार करताना एक ऐतिहासिक वस्तुस्थिती लक्षात घ्यावी लागते. युरोपीय अद्भुतकथेत जादू हा कल्पनेचा मुक्त प्रदेश असतो. ब्राझीलमधील आफ्रिकी वंशाच्या लोकांसाठी तो दीर्घकाळ पोलिसी आरोप होता.

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे ब्राझीलच्या किनाऱ्यावर गुलाम म्हणून उतरवली गेली. अमेरिका खंडातील अन्य कोणत्याही देशापेक्षा ही संख्या मोठी आहे. १८८८ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली आणि लगेच १८९० च्या दंडसंहितेने ‘जादू आणि तिचे तोडगे’ हा गुन्हा ठरवला. मराठीत ‘उपासना’ आणि ‘करणी’ या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते या कायद्याने पुसून टाकले. कांदोंब्ले या आफ्रो-ब्राझिलियन धर्माची उपासनागृहे, म्हणजे तेरेइरो, पोलिसांच्या धाडींचे लक्ष्य झाली. रिओ दि जानेरो येथे जप्त केलेल्या पूजावस्तूंचा संग्रह १९३८ मध्ये राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवला गेला, तो ‘काळ्या जादूचे संग्रहालय’ या नावाने. पाचशेहून अधिक वस्तूंचा हा संग्रह पोलिसांच्या ताब्यातून प्रजासत्ताक संग्रहालयाकडे सोपवला गेला तो २०२० साली. बाहिया राज्यात उपासनेसाठी पोलिसांकडे नोंद करण्याची सक्ती १९७६ पर्यंत होती.

छळ कायद्याच्या पुस्तकातून गेला, तरी समाजातून पूर्णपणे गेला नाही. २००७ मध्ये ब्राझीलने २१ जानेवारी हा धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिन म्हणून कायद्याने घोषित केला. साल्वादोर येथील एका कांदोंब्ले पुरोहितस्त्रीचे निंदेच्या आघातानंतर २००० साली याच तारखेला निधन झाले, तिच्या स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो. ओरिशांविषयी लिहिणारा रसिक-सर्जक ग्रीक देवांविषयी लिहिणाऱ्या कादंबरीकारासारखा मोकळा नसतो. झ्यूसला नैवेद्य दाखवणारे शेजारी त्याला नसतात. शांगोला दाखवणारे असतात, आणि त्यासाठी दगड खाल्लेलेही असतात.

ब्राझिलियन साहित्याने या दैवतांना याआधी जागा दिली नव्हती असे नाही. मारिओ दे आंद्रादे यांच्या ‘माकुनाइमा’ (१९२८) या कादंबरीत नायक साओ पाउलोतील यंत्रांचा अन्वय मिथकाच्या भाषेत लावू पाहतो आणि रिओमधील माकुम्बाच्या विधीत एशूकरवी शत्रूला यातना देवितो. जादू, यंत्र आणि आफ्रिकी दैवत यांचा त्रिवेणी संगम तेथे आहे. पण तो एका श्रेष्ठ लेखकाच्या प्रयोगशील, काहीशा विनोदी दृष्टीतून झालेला आहे. जॉर्ज आमादो यांनी १९४६ च्या संविधानसभेत उपासनास्वातंत्र्याची तरतूद मांडली आणि ‘तेंदा दोस मिलाग्रेस’ (१९६९) मध्ये पोलिसी छळाला कादंबरीचा विषय केले. त्यांची सहानुभूती खरी होती. ते स्वतः साल्वादोरच्या ओपो आफोंजा तेरेइरोतील शांगोच्या मानकऱ्यांपैकी एक होते. तरीही दैवतांच्या वतीने बोलण्याचा अधिकार या काळात प्रस्थापित लेखकाच्याच हाती राहिला. नंतरच्या पिढीतील स्थित्यंतर विषयाचे नव्हे, अधिकाराचे आहे.

३

हा अधिकार मिळाला तो दोन वेगळ्या मंडळांतील उत्तेजनाच्या परंपरेतून.

पहिली परंपरा चाहत्यांची. १९६५ मध्ये पिरासिकाबा येथे एद्सोन रोंतानी यांनी चित्रकथांच्या चाहत्यांसाठी ‘फिक्साओ’ हे हौशी पत्रक काढले. ब्राझीलमधील फॅनझिनची सुरुवात सामान्यतः तेथून मानली जाते. १९८५ मध्ये विज्ञानकथा वाचकांचा संघ स्थापन झाला आणि ‘सोम्नियुम’ हे त्याचे नियतकालिक झाले. संघाच्या नावात ‘वाचक’ आहेत, ‘लेखक’ नाहीत; पण त्याच वाचकांतून लेखक निघाले. फॅनझिनच्या अर्थव्यवस्थेत मानधन नसते, बाजार नसतो. वाचकाचे पत्र हेच मोल असते. त्या पत्रातील चार ओळींवर पुढची कथा लिहिली जाते. इव्हान कार्लोस रेजिना यांचा ब्राझिलियन विज्ञानकथेचा ‘नरभक्षक जाहीरनामा’ (१९८८) याच वातावरणातला. ओस्वाल्द दे आंद्रादे यांच्या १९२८ च्या जाहीरनाम्याचा धागा उचलून, आयात केलेली विज्ञानकथा पचवून देशी करावी, असे आवाहन त्याने केले. मात्र या वर्तुळात यंत्र आणि भविष्य यांना जेवढे स्थान होते तेवढे तेरेइरोला नव्हते. गेर्सोन लोदी-रिबेइरो यांनी १९९० च्या दशकात, १६९४ मध्ये पाडाव झालेले पाल्मारेस हे पळालेल्या गुलामांचे राज्य टिकून राहिले असते तर काय घडले असते, याची पर्यायी इतिहासकथा रचली. हा उल्लेखनीय अपवाद म्हणावा लागेल.

दुसरी परंपरा कृष्णवर्णीय लेखकांच्या सहकाराची. १९७८ मध्ये साओ पाउलो येथे ‘कादेर्नुस नेग्रुस’ (कृष्ण वह्या) या संग्रहमालेचा पहिला अंक आठ कवींनी मिळून काढला. छपाईचा खर्च सहभागी लेखक वाटून घेत. एका वर्षी कविता, दुसऱ्या वर्षी कथा असा क्रम पडला आणि पुढे दशकानुदशके चालू राहिला. १९८० मध्ये त्याभोवती ‘किलोंबोजे’ हा गट उभा राहिला. पळालेल्या गुलामांची वस्ती म्हणजे ‘किलोंबो’ आणि ‘आज’ या अर्थाचा पोर्तुगीज शब्द ‘होजे’ (उच्चारी ‘ओजी’) यांच्या जोडणीतून त्याचे नाव बनले आहे. हे लेखक केवळ परस्परांची पाठ थोपटत नव्हते. आफ्रो-ब्राझिलियन साहित्याच्या स्वरूपाविषयी स्वतःची समीक्षाही त्यांनी १९८५ मध्ये ग्रंथरूपाने मांडली. आज ज्यांचे नाव ब्राझिलियन साहित्यात आदराने घेतले जाते त्या कोन्सेइसाओ एवारिस्तो यांचे लेखन प्रथम प्रसिद्ध झाले ते १९९० मध्ये, याच मालेत. प्रस्थापित प्रकाशकाच्या दाराशी कित्येक वर्षे थांबावे लागले असते अशा लेखणीला मित्रांच्या वर्गणीने कागद मिळवून दिला. येथे उत्तेजन हा शिष्टाचार नव्हता. ती साहित्याच्या अस्तित्वाची अट होती.

स्थूलमानाने पाहता पहिल्या परंपरेजवळ यंत्र होते, दैवत नव्हते. दुसरीजवळ पूर्वज आणि स्मृती होत्या, यंत्र क्वचितच होते. त्यांची गाठ पडण्यास अनेक कारणे घडली. २००३ च्या कायद्याने शाळांमध्ये आफ्रो-ब्राझिलियन इतिहास आणि संस्कृती शिकवणे सक्तीचे झाले. २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांत राखीव जागा आल्या. वाचणारा आणि लिहिणारा नवा वर्ग तयार झाला. समाजशास्त्रज्ञ रेजिनाल्दो प्रांदी यांनी ‘मितोलोजिया दोस ओरिशास’ (२००१) या ग्रंथात ३०१ कथा एकत्र केल्या आणि तेरेइरोच्या बाहेरच्या वाचकालाही दैवतकथांचे भांडार खुले झाले. ‘आफ्रोफ्युचरिझम’ ही संज्ञा अमेरिकी समीक्षक मार्क डेरी यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी रूढ केली होती. ब्राझीलमधील तरुणांनी ती उचलली, आणि पुढे तिच्याशी वादही घातला.

४

रसिकतेतून निर्मिती कशी उगवते याचे सर्वांत बोलके उदाहरण ऊगो कानुतो यांचे आहे. साल्वादोरमधील या वास्तुविशारद-चित्रकाराने २०१६ मध्ये अमेरिकी चित्रकथाकार जॅक कर्बी यांना वंदन म्हणून एक चित्र काढले. कर्बी यांच्या ‘अ‍ॅव्हेंजर्स’च्या एका मुखपृष्ठाची मांडणी तशीच ठेवून त्यांनी महानायकांच्या जागी ओरिशा उभे केले. चाहत्याने केलेली ही एक नक्कल, एक गंमत म्हणून विसरली गेली असती. पाहणाऱ्यांनी ती विसरू दिली नाही. या दैवतांची संपूर्ण चित्रकथा व्हावी अशी मागणी त्यांनी केली आणि लोकवर्गणीतून तिचा खर्चही उचलला. ‘कोंतोस दोस ओरिशास’ (ओरिशांच्या कथा) हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. प्रोत्साहनाने येथे केवळ कृती पूर्ण करविली असे नाही, तिचा प्रकारच बदलला. वंदनचित्र दैवतकथेत रूपांतरित झाले.

कर्बीचीच निवड व्हावी हेही अर्थपूर्ण आहे. स्वतः कर्बींनी १९६२ पासून नॉर्स देव थोर याला चित्रकथेत आणले आणि १९७१ च्या ‘न्यू गॉड्स’मध्ये दैवत आणि यंत्र यांचे अद्वैत कल्पिले. कानुतोंनी त्यांच्यापासून रेषेचा जोम आणि उर्जेच्या स्फोटाची चित्रलिपी घेतली. परंतु कर्बींचे देव पूजेतून उठलेले होते, कानुतोंचे पूजेत आहेत. या फरकाने चित्रकाराची अडचण वाढते. कांदोंब्लेच्या विधीत ओरिशा प्रकट होतो तेव्हा कित्येक दैवतांचा चेहरा मुकुटाच्या मण्यांच्या झालरीआड असतो. दर्शन हे अर्धे झाकलेले दर्शन असते. चित्रकथेला मात्र चौकटीचौकटीतून चेहरा लागतो, क्रोध आणि करुणा डोळ्यांत दाखवावी लागते. झालर बाजूला सारणे हा येथे कलामाध्यमाचा नियम आहे आणि श्रद्धेच्या दृष्टीने धाडस. एरवी सैतान म्हणून रंगवल्या गेलेल्या एशूला आणि कुरूप म्हणून हिणवल्या गेलेल्या आफ्रिकी देहाला राजस रूप मिळते, ही या धाडसाची कमाई होय.

फाबिओ काब्राल यांच्या ‘ओ कासादोर सिबेर्नेतिको दा रुआ त्रेझे’ (तेराव्या रस्त्याचा सायबरयांत्रिक शिकारी, २०१७) या कादंबरीत प्रश्न अधिक खोल जातो. तिचा नायक झुआओ आरोले हा अंशतः यांत्रिक देहाचा शिकारी, आपल्या गतकाळातील हत्यांच्या ओझ्याखाली वावरणारा. ‘आरोले’ हे शिकारीचे दैवत ओशोसी याच्या एका रूपाचे नाव आहे, आणि कथेतील ‘केतू त्रेस’ या महानगराचे नाव ओशोसीशी निगडित अशा, आज बेनिनमध्ये असलेल्या, केतू या प्राचीन राज्याची आठवण जागवते. या नगरात यंत्रांना चालना देते ती पूर्वजांच्या आत्म्यांची शक्ती, आणि पौरोहित्याची व उद्योगसंस्थेची सत्ता एकाच हाती एकवटलेली आहे. कांदोंब्लेची दीक्षा घेतलेल्या लेखकाने असे नगर रंगवताना आपल्या धर्माला निष्पाप स्वर्ग करण्याचा मोह टाळला, ही या कादंबरीची खरी शक्ती होय. पूर्वजांची ऊर्जा हा तेथे वारसा आहे आणि इंधनही. आणि इंधन झाले की त्याची मालकी कोणाची, हा प्रश्न उभा राहतोच. ‘आ सिएंतिस्ता गेरेइरा दो फाकाओ फुरिओझो’ (२०१९) या पुढील कादंबरीची नायिका अभियंता-योद्धी आहे आणि तिचे नाते ओगुमशी आहे.

ओगुमचा उल्लेख येथे थोडा थांबून समजून घ्यावा लागतो. एका कथेनुसार, सर्व ओरिशा रान साफ करण्यास निघाले, पण लाकडाची आणि मऊ धातूची त्यांची हत्यारे वाकली. ओगुमच्या लोखंडी कोयत्यापुढे मात्र रान हटले. लोखंडाचे गुपित द्यावे म्हणून इतरांनी त्याला राजपद देऊ केले. पुढे तो शिकारीहून मळलेल्या वस्त्रांनिशी परतला तेव्हा त्याच मंडळींनी त्याला हिणवले, आणि तो त्यांना सोडून गेला. तंत्रज्ञान, त्याची वाटणी, त्यावरून मिळणारी सत्ता आणि श्रमिकाचा उपमर्द ही चारही सूत्रे या एका प्राचीन कथेत आहेत. नोबेल पारितोषिकविजेते नायजेरियन लेखक वोले शोयिंका यांनी १९७६ च्या आपल्या समीक्षाग्रंथात ओगुमच्या योरुबा रूपाला सर्जनशीलतेचे आणि संक्रमणाच्या वाटेचे दैवत म्हणून केंद्रस्थान दिले होते. दैवतकथा आणि यंत्र यांची सांगड घालणे ही पाश्चात्त्य विज्ञानकथेकडून घेतलेली उसनवारी आहे, असा आक्षेप या लेखनावर घेतला जातो. त्याचे उत्तर ओगुमच्या कथेतच आहे. भट्टी या परंपरेत मुळापासून होती.

लू आइन-झायला यांचा मार्ग वेगळा आहे. ‘इनव्हेर्दादेस’ (२०१६) आणि ‘रेव्होलुसाओ’ (२०१७) या दोन भागांत त्यांनी चोवीस-पंचविसाव्या शतकाच्या सीमेवरचा ब्राझील कल्पिला आणि तो स्वतःच प्रकाशित केला. ‘सांकोफिया’ (२०१८) हा त्यांचा कथासंग्रह मागे वळून पाहणाऱ्या पक्ष्याच्या आकान प्रतीकाचे, सांकोफाचे, नाव धारण करतो. आले सांतोस यांच्या ‘ओ उल्तिमो आंसेस्त्राल’ (अखेरचा पूर्वज, २०२१) या कादंबरीत यंत्रसंकरित सत्ताधाऱ्यांनी श्रद्धेवर बंदी घातलेल्या जगात पूर्वजशक्ती एका तरुणाच्या देहात जागी होते. ती मोठ्या प्रकाशनसंस्थेकडून आली. अवघ्या पाच वर्षांत स्वयंप्रकाशनापासून मोठ्या बाजारापर्यंतचा हा प्रवास झाला. त्यामागे एकेका वाचकाने दुसऱ्याच्या हाती दिलेली प्रत आहे; पण बाजारात पोहोचलेल्या पुस्तकाला मित्रांचे मंडळ पूर्वीइतके जवळून वाचू शकत नाही, हेही नोंदवावे लागते.

५

या मंडळांतील उत्तेजनाने तीन कामे केली. खर्च वाटून घेतला, नाव दिले, आणि देवांविषयी कल्पना करण्याची मोकळीक दिली. दुसऱ्या कामाचे महत्त्व थोडे नाही. काब्राल यांनी पुढे आपल्या लेखनासाठी ‘माकुम्बापंक’ हा शब्द योजला. ‘माकुम्बा’ हा ब्राझिलियन बोलीत हेटाळणीने वापरला जाणारा शब्द. तो वाङ्मयप्रकाराच्या नावात मानाने बसवणे म्हणजे दंडसंहितेने केलेला अपमान साहित्याने परतवणे होय. असा शब्द एकट्याच्या बळावर टिकत नाही. तो उच्चारणारे मित्र लागतात.

तिसऱ्या कामाशी मात्र खरा पेच सुरू होतो. चाहत्यांचे मंडळ समतेवर आणि वेगावर चालते. कालचा वाचक आज लेखक होतो, सर्वांना बोलण्याचा अधिकार सारखा असतो, आणि नवागताला पहिल्या प्रयत्नाबद्दल शाबासकी मिळते. तेरेइरोची शिक्षणपद्धती याच्या उलट आहे. तेथे वय जन्मापासून मोजत नाहीत, दीक्षेपासून मोजतात. साठ वर्षांचा नवदीक्षित विशीतल्या ज्येष्ठाकडे आशीर्वाद मागतो. प्रश्न विचारून नव्हे, पाहून आणि वाट पाहून शिकावे लागते, आणि काही गोष्टी कधीच सांगितल्या जात नाहीत. पहिली पद्धत म्हणते, लिही, तुला येते. दुसरी म्हणते, थांब, अजून तुला दिसलेले नाही. दोन्ही वाक्ये प्रेमाने उच्चारता येतात. रसिक-सर्जकाला ती एकाच वेळी ऐकावी लागतात.

यातून मार्ग कसा काढावा याची सूचना ओसाइन या वनस्पतींच्या दैवताच्या कथेत मिळते. सर्व पानांचे गुण एकट्या ओसाइनला ठाऊक होते. इतरांनाही ती शक्ती मिळावी म्हणून शांगोच्या सांगण्यावरून यान्सांने वारा सोडला. पाने उधळली आणि प्रत्येक ओरिशाला काही ना काही मिळाले. पण पानांतील ‘आशे’, म्हणजे प्राणशक्ती, जागवणारे शब्द ओसाइनजवळच राहिले. दैवतकथा वाऱ्यावर आल्या आहेत. त्या गोळा करण्यास कोणाची परवानगी लागू नये. मंत्र आणि विधी यांचा गाभा मात्र कथेच्या मालकीचा नाही. ओपो आफोंजाच्या प्रमुख माता स्तेला दे ओशोसी यांनी १९७६ पासून २०१८ मधील निधनापर्यंत त्या गादीचा भार वाहिला, स्वतः पुस्तके लिहिली, आणि २०१३ मध्ये बाहियाच्या साहित्य अकादमीवर त्या निवडून आल्या. लेखन आणि गुप्तता यांचा विरोध अटळ नाही, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. काय लिहायचे याचा विवेक असलेला मनुष्य काय लिहायचे नाही हेही जाणतो.

कलादृष्ट्याही हा विवेक आवश्यक आहे. दैवताचे रूपांतर ‘शक्तीं’च्या यादीत झाले की कथा पांगळी होते. शांगो म्हणजे वीज, ओशुम म्हणजे पाणी, यान्सां म्हणजे वादळ, अशी वाटणी पात्रे उभी करण्यास सोयीची असते. पण कथांतील शांगो न्यायाचा देव असून रागीट आहे, आणि ओशुमच्या आरशात सौंदर्य आहे तसेच रणनीतीही. दुर्बल कृतींत हा विरोधविकास हरवतो आणि उरते ती केवळ रंगीत चकमक. दुसरा दोष व्याप्तीचा. आफ्रिकेतून आलेल्या परंपरा अनेक होत्या. कोंगो-अंगोला भागातून आलेल्या बांटू परंपरेतील इन्किसी आणि जेजे परंपरेतील वोदुन ही दैवते योरुबा ओरिशांच्या प्रकाशात झाकोळली. मानववंशशास्त्रज्ञ बेआत्रिझ गोइस दांतास यांनी १९८८ मध्येच ‘नागो’ म्हणजे योरुबा परंपरेला शुद्धतेचा मान देण्यामागचे राजकारण उलगडून दाखवले होते. नव्या लेखनात हे पारडे अद्याप पुरेसे सावरलेले नाही. एकमेकांचे वाचून लिहिणाऱ्या मंडळात एकमेकांची निवडही गिरवली जाते. उत्तेजनाची ही सावली आहे.

६

राजशेखराने भावकांचे चार प्रकार सांगितले : अरोचकी, ज्याला काहीच रुचत नाही, सतृणाभ्यवहारी, जो गवतासकट सारे गिळतो, मत्सरी, जो गुण पाहूनही गप्प राहतो, आणि तत्त्वाभिनिवेशी, जो मर्मापर्यंत जातो आणि म्हणूनच विरळा असतो. ब्राझीलमधील या साहित्याने दीर्घकाळ पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारच्या भावकांचा सामना केला. प्रस्थापित समीक्षेला विज्ञानकथा रुचत नव्हती, आणि गुण दिसले तरी कृष्णवर्णीय लेखकाविषयी मौन पाळण्याची सवय जुनी होती. अशा स्थितीत मित्रांच्या मंडळाने दुसऱ्या प्रकाराकडे झुकावे, गवतासकट स्वीकारावे, हे स्वाभाविक होते. एका मर्यादेपर्यंत ते हितावहही होते. रोपाला पहिल्या दिवशी छाटणीची नव्हे, ओलीची गरज असते. पण पुस्तके दुकानांत आणि शाळांत पोहोचल्यावर केवळ ओल पुरत नाही.

एशूची एक कथा प्रसिद्ध आहे. शेजारच्या शेतांत राबणाऱ्या दोन जिवलग मित्रांनी एशूला त्याचा मान दिला नाही. दोन बाजूंना दोन रंग असलेली टोपी घालून एशू त्यांच्या बांधावरून चालत गेला. एकाने एक रंग पाहिला, दुसऱ्याने दुसरा. आणि टोपीच्या रंगावरून त्यांची मैत्री तुटली. ही कथा सामान्यतः भांडण लावणाऱ्या देवाची म्हणून सांगितली जाते. तिचा दुसरा अर्थ साहित्यव्यवहाराला अधिक लागू पडतो. दोघेही खरे बोलत होते. बांध ओलांडून दुसऱ्या बाजूने पाहण्याची तसदी मात्र कोणीच घेतली नाही. एशू हा संदेशवाहक आहे, अर्थांची ने-आण करणारा आहे. त्याला वगळून केलेली मैत्री पहिल्या मतभेदापर्यंतच टिकते.

या रसिक-सर्जकांच्या मंडळाला आता बांध ओलांडणारे मित्र हवे आहेत. यंत्राच्या प्रेमात पडलेल्या लेखकाला तेरेइरोच्या अंगणातून ती कृती कशी दिसते हे सांगणारा, आणि श्रद्धेच्या ओझ्याने दबलेल्या लेखकाला कथेच्या स्वातंत्र्याची आठवण देणारा असा मित्र, म्हणजेच तत्त्वाभिनिवेशी भावक. तो बाहेरून येणार नाही. ‘कादेर्नुस नेग्रुस’च्या लेखकांनी वर्गणीबरोबर स्वतःची समीक्षाही उभी केली, त्याप्रमाणे तो मंडळातूनच घडावा लागेल. आचार्याचे काम मित्राने केले तर ते अधिक अवघड असते, कारण त्यात गमावण्यासारखे काही असते. काब्राल यांच्या केतू त्रेसमध्ये पूर्वजांची शक्ती इंधन म्हणून जळते आहे. कानुतोंच्या चौकटींत मण्यांची झालर बाजूला सरली आहे. हे योग्य की अयोग्य याचा निर्णय पोलीस किंवा प्रकाशक यांच्यापेक्षा, एकमेकांचे लेखन जिव्हाळ्याने वाचणाऱ्या आणि त्याच दैवतांपुढे मान लवणाऱ्या माणसांनी करावा, इतका अधिकार या साहित्याने निश्चितच मिळवला आहे.